आजच्या दिवसापुरते बळ

(हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या सभागृहात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



या वर्षी दर महिन्याला परिपाठानंतर एका प्रार्थनापरंपरेविषयी कोणी तरी बोलावे, असे शिक्षकसभेत ठरले होते. काकडआरतीविषयी आपण ऐकले, नवकार मंत्राविषयी ऐकले. डिसेंबर महिना माझ्या वाट्याला आला आणि त्याबरोबर विषयही आला: कठीण काळात बळ मागणारी ख्रिस्ती प्रातःप्रार्थना. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राची अभ्यासकही नाही. मी मराठीची शिक्षिका आहे. प्रार्थना ही शेवटी शब्दांची रचना असते, आणि कोणती रचना काय मागते, कोणत्या क्रमाने मागते, हे पाहण्याची मला तीस वर्षांची सवय आहे. त्या सवयीच्या भरवशावरच आज मी उभी आहे.

आणखी एक कारण आहे, तेही आधीच सांगते. गेल्या पालकसभेत एक सूचना आली. परिपाठाची वीस मिनिटे दहावर आणावीत, मुले प्रार्थना नुसती घोकतात, अर्थ कळत नाही, ती दहा मिनिटे गणिताला मिळाली तर बरे. सूचना सद्‌हेतूने केलेली आहे आणि तिचे उत्तर देणे माझे काम आहे. हे भाषण तयार करताना मला ते उत्तर सापडत गेले.

आपल्याकडे सकाळच्या गीताला भूपाळी म्हणतात. भूपाळीत भक्त देवाला उठवतो. हा सुंदर लाडिकपणा आहे. ख्रिस्ती परंपरेने हिब्रू स्तोत्रे वारशाने घेतली, आणि त्या स्तोत्रांचा देव झोपतच नाही. त्यामुळे तिथे सकाळी उठवायचे असते ते स्वतःलाच. स्तोत्रसंहितेतील तिसरे स्तोत्र पाहा. त्याच्या शीर्षकात प्रसंग दिला आहे: दावीद राजा आपला मुलगा अबशालोम याच्यापासून पळून जात असतानाचे हे स्तोत्र. पोटचा मुलगा उलटलेला, राजधानी सुटलेली, शत्रू चहूकडे. अशा वेळी हा राजा कशाबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो? मी आडवा झालो, मला झोप लागली आणि मी जागा झालो, एवढ्याचबद्दल. ज्यांनी रुग्णालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर रात्र काढली आहे, त्यांना या कृतज्ञतेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

जुन्या करारातील निर्गम या ग्रंथात मान्नाची कथा आहे. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले लोक अरण्यात उपाशी आहेत. रोज पहाटे, दव उडून गेल्यावर, जमिनीवर बारीक कणांसारखे अन्न पडलेले दिसते. ते त्या दिवसापुरतेच गोळा करायचे, असा नियम. काहींनी उद्यासाठी साठवून ठेवले, तर सकाळी त्यात किडे पडले होते. फक्त विश्रामदिवसाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती. मला ही कथा फार शहाणी वाटते. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरी मागितली आहे तीही आजची. वर्षभराचे कोठार त्या प्रार्थनेत मागितलेले नाही. डोंगरावरील प्रवचनातही त्याने उद्याची चिंता उद्यावर सोडायला सांगितले आहे. संकटात सापडलेल्या माणसाला संपूर्ण संकट एकदम पेलवत नाही. संध्याकाळपर्यंतचे कदाचित पेलवते. ख्रिस्ती प्रातःप्रार्थनेचे माप हे असे एका दिवसाचे आहे.

आता मी आपल्याला थोडे दूर, बर्लिनला नेते, कारण कठीण काळातली प्रातःप्रार्थना म्हटली की माझ्या मनात जी एक प्रार्थना येते ती तिथल्या तुरुंगात लिहिली गेली.

डीट्रिख बोनहॉफर हे जर्मन धर्मोपदेशक. जन्म 1906 सालचा. हिटलरच्या राजवटीला त्यांनी आरंभापासून विरोध केला. आपल्या दृष्टीने जवळची गोष्ट अशी की त्यांना भारतात यायचे होते. लंडनमध्ये धर्मोपदेशक असताना, 1934 साली, त्यांनी गांधीजींशी पत्रव्यवहार केला होता. आश्रमातले सामूहिक जीवन प्रत्यक्ष पाहावे, ही इच्छा. गांधीजींनी त्यांना निमंत्रणही दिले. पण त्याच सुमारास जर्मनीत तरुण धर्मोपदेशक घडवणारी एक पाठशाळा चालवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि भारतभेट राहून गेली ती राहूनच गेली. त्या पाठशाळेत दिवस सुरू होई तो एकत्र प्रार्थनेने, स्तोत्रे म्हणून. 1937 साली गुप्त पोलिसांनी ती बंद केली.

5 एप्रिल 1943 रोजी बोनहॉफरना अटक झाली आणि बर्लिनच्या टेगेल येथील लष्करी तुरुंगात ठेवण्यात आले. पहिल्या रात्रीचे वर्णन त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. पांघरुणाला इतकी दुर्गंधी होती की थंडी असूनही ते अंगावर घेववेना. सकाळी पावाचा तुकडा कोठडीत फेकण्यात आला, तो जमिनीवरून उचलून घ्यावा लागला. कॉफीत चौथा हिस्सा गाळ होता. आजच्या भाकरीसाठी रोज सकाळी हात जोडणाऱ्या माणसाच्या वाट्याला आलेली ही त्या दिवसाची भाकरी.

आणि इथे माझ्यातली शिक्षिका थबकते. त्या पहिल्या दिवसांत त्यांना आधार कशाचा होता? आईवडिलांना लिहिलेल्या सुरुवातीच्या पत्रांत ते पाउल गेरहार्ट यांच्या भक्तिगीतांचा उल्लेख करतात. ही गीते आपण वाचतो आहोत, पाठ करतो आहोत आणि त्याचा आनंद वाटतो, असे सांगतात. हे गेरहार्ट सतराव्या शतकातले. तीस वर्षांच्या युद्धात होरपळलेल्या जर्मनीत ते वाढले. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, पुढे पत्नीही गेली. जर्मन घराघरांत मुले त्यांची सकाळची आणि संध्याकाळची गीते म्हणतच मोठी होत. म्हणजे एका दुःखी माणसाचे शब्द तीनशे वर्षे लहान मुलांच्या तोंडी खेळत राहिले, आणि वेळ आली तेव्हा कोठडीत कामाला आले. त्यांतल्या बहुतेक मुलांना ती गीते म्हणताना अर्थ कळला नसणारच.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बर्लिनवर प्रचंड हवाई हल्ले झाले. तुरुंगाच्या आवारातही बॉम्ब पडले. कोठड्यांना बाहेरून कुलपे. आत कोंडलेली माणसे ओरडत राहिली. बोनहॉफर तोवर तुरुंगाच्या रुग्णविभागात मदत करू लागले होते. त्यानंतर आलेल्या नाताळसाठी त्यांनी सहबंदिवानांकरिता तीन प्रार्थना लिहिल्या: एक सकाळची, एक संध्याकाळची आणि एक विशेष संकटाच्या प्रसंगी म्हणावयाची.

सकाळची प्रार्थना लहान आहे. ती मी इथे वाचून दाखवत नाही. तिची बांधणी मात्र सांगते. आरंभी ती देवाला हाक मारते आणि लगेच मान्य करते की मला नीट प्रार्थनासुद्धा करता येत नाही, विचार एकत्र करायला तूच मदत कर. मला हा आरंभ फार प्रामाणिक वाटतो. भेदरलेल्या माणसाचे मन एका ठिकाणी राहत नाही. त्याला प्रथम बळ लागते ते मन गोळा करण्यासाठी. मग प्रार्थना आतल्या अवस्थेचे वर्णन करते. अंधार, एकटेपणा, अस्वस्थता, कडवटपणा यांतले काहीही ती लपवत नाही. प्रत्येकासमोर देवाकडे असलेले त्याच्या उलट काही ती ठेवते. पुढे रात्रीच्या विसाव्याबद्दल आणि नव्या दिवसाबद्दल आभार. तिसऱ्या स्तोत्रातला दावीद इथे पुन्हा भेटतो.

त्यानंतर ती येशूकडे वळते, आणि त्याला ज्या विशेषणांनी बोलावते त्यात वैभवाचे एकही नाही. दरिद्री, बंदिवान, टाकून दिलेला. टेगेलच्या कैद्याला उपयोगी पडेल अशीच ही ओळख. आणि मग सगळ्यांची आठवण: माझी माणसे, माझे सहबंदिवान, आणि या इमारतीत आपले जड काम करणारे सगळे जण. हे शेवटचे कोण? पहारेकरी. ज्यांनी पाव जमिनीवर फेकला ते. त्यांचे काम जड आहे, एवढे मान्य करून कैदी त्यांनाही आपल्या प्रार्थनेत घेतो. यासाठी जे बळ लागते ते मला या प्रार्थनेतले सर्वांत मोठे बळ वाटते, आणि ते त्याने वेगळे मागितलेलेही नाही.

सुटकेची मागणी अगदी अखेरीस येते आणि एका वाक्यात आटोपते. त्याच वाक्याच्या उत्तरार्धात मूळ जर्मनमध्ये ‘सध्या’ अशा अर्थाचा एक शब्द आहे. मला पुन्हा मोकळे कर, हा पूर्वार्ध. आणि सध्या, म्हणजे ती सुटका होईपर्यंत, मी असे वागावे की तुझ्यापुढे आणि माणसांपुढे मला उत्तर देता येईल, हा उत्तरार्ध. मी दहावीच्या वर्गात व्याकरण शिकवताना क्रियाविशेषणांना फारसा मान देत नाही, हे इथे बसलेल्या काही माजी विद्यार्थिनींना आठवत असेल. पण या एका शब्दावर ती सगळी प्रार्थना तोलून धरलेली आहे. सुटका माझ्या हाती नाही, सध्याचा दिवस आहे.

याच माणसाची आणखी एक आठवण सांगण्यासारखी आहे. 1944 च्या जानेवारीत पुन्हा हल्ला झाला. बोनहॉफर आणि इतर जण जमिनीवर पडून होते. एक जण, एरवी बेफिकीर वागणारा, भीतीने देवाचे नाव घेऊ लागला. बोनहॉफरनी मित्राला लिहिले आहे की त्या क्षणी त्याला कोणताही धार्मिक दिलासा देणे त्यांना जमले नाही. त्यांनी घड्याळ पाहिले आणि आता जास्तीत जास्त दहा मिनिटे राहिली आहेत, एवढेच सांगितले. माणसाच्या भीतीचा फायदा घेऊन त्याच्यावर धर्म लादू नये, ही त्यामागची भावना. ज्याने प्रार्थना लिहिल्या त्यानेच हे केले, म्हणून मला त्या प्रार्थनांवर अधिक विश्वास वाटतो. 

बोनहॉफर सुटले नाहीत. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनब्युर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. वय एकोणचाळीस. युद्ध त्यानंतर महिनाभरात संपले. बळ मागणारी प्रार्थना संकट टाळते असे कोणी आपल्याला सांगितले, तर ही तारीख आठवावी.

आता पाठांतराकडे येते, कारण उत्तर तिथे आहे.

बायबलमध्ये विलापगीत नावाचा छोटा ग्रंथ आहे. इ. स. पू. सहाव्या शतकात बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले, लोकांना पकडून नेले. त्यानंतरचा हा आक्रोश. पाच कविता आहेत. त्यांपैकी पहिल्या चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेल्या आहेत. बावीस अक्षरे, प्रत्येक अक्षराने आरंभ होणारे एकेक कडवे. मधल्या, म्हणजे तिसऱ्या कवितेत प्रत्येक अक्षराला तीन ओळी, एकूण सहासष्ट. जळून गेलेल्या नगरीविषयी रडताना कोणी मुळाक्षरांचा क्रम कशाला सांभाळील? अभ्यासक जी कारणे देतात त्यांत एक असे आहे की क्रमामुळे पाठ राहते. पोथ्या जळतात. डोक्यात असलेले जळत नाही. त्या तिसऱ्या कवितेत, सर्वांत काळोख्या कडव्यांनंतर, देवाची करुणा दररोज सकाळी नवी होते, हा उद्गार येतो. पुढे अडीच हजार वर्षे ख्रिस्ती आणि यहुदी माणसे तो सकाळी आठवत आली.

आणि स्वतः येशू? क्रुसावर असताना, देवाने आपल्याला का टाकले, असा आक्रोश तो करतो. ते बाविसाव्या स्तोत्राचे आरंभीचे शब्द आहेत. असह्य वेदनेत त्याने नवे शब्द शोधले नाहीत, पाठ असलेलेच वर आले. मूळ स्तोत्र हिब्रू आहे. पण मार्कने ते शब्द नोंदवले आहेत ते अरामी भाषेत, म्हणजे नासरेथच्या घरात आणि गल्लीत बोलली जाई त्या भाषेत. ज्या शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच भाषा बदलते, त्या आपल्या शाळेत ही गोष्ट सांगताना मला वेगळेच काही वाटते. बाजाराची भाषा, कचेरीची भाषा, परीक्षेची भाषा आपली मुले शिकतात आणि चांगली शिकतात. पण वेदनेत तोंडून जी येते ती भाषा घरची असते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे ओळखले होते. ‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची कविता इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी तरी पाठ केली असेल, आणि घायाळ पक्षिणीने अनेकांना रडवलेही असेल. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळी बहुतेक करून परभाषेतल्या गीतांची भाषांतरे परक्या चालींवर गात. अशी गीते ओठांवर राहतात, आत उतरत नाहीत, हे कवीच्या कानाला कळले. त्यांनी अभंग, ओवी, भजन हे आपले साचे घेतले आणि ख्रिस्तभक्ती त्यांत ओतली. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची कितीतरी पदे आजही गायली जातात. त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे, 1616 साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘क्रिस्तपुराण’ ओवीछंदात लिहून प्रसिद्ध केले होते, तेही याच जाणिवेने. जे गुणगुणता येते ते पाठ होते. जे पाठ होते ते अडचणीच्या वेळी हाताशी असते.

2021 सालच्या उन्हाळ्यानंतरची गोष्ट. शाळा बंद होती, परिपाठ मोबाईलच्या पडद्यावर चाले. सातवीतल्या एका मुलीचे वडील त्या लाटेत गेले होते. ती कोणाशी बोलत नव्हती. तिच्या आईने मला सांगितले, बाई, घरात शब्द काढत नाही, पण परिपाठाच्या वेळी फोन लावते. दुसऱ्या दिवशी मी पडद्यावरच्या त्या चौकटीकडे पाहिले. आवाज बंद ठेवलेला होता. ओठ हलत होते. आपली नेहमीचीच प्रार्थना, जी ती पहिलीपासून म्हणत होती. त्या सकाळी तिला अर्थ कळत होता की नाही, हे मी विचारले नाही, पुढेही कधी विचारले नाही. ती आता महाविद्यालयात आहे.

घोकंपट्टीवर टीका करणारे शिक्षणतज्ज्ञ गणित आणि इतिहास यांच्या बाबतीत पुष्कळसे बरोबर आहेत. इतिहासाच्या सनावळ्या घोकून घेणारी मी नाही. प्रार्थनेचे पाठांतर मात्र मला निराळे वाटते. मुलाला बोलता येत नाही असा दिवस त्याच्या आयुष्यात कधी येईल, हे शिक्षकाला ठाऊक नसते. म्हणून शब्द आधी देऊन ठेवावे लागतात. अर्थ आपल्या वेळेने येतो. काही वेळा तीस वर्षांनी येतो, आणि तेव्हा आम्ही वर्गात नसतो.

तेव्हा परिपाठाची वीस मिनिटे आहेत तशीच राहतील. गणिताच्या शिक्षकांशी मी बोलले आहे. त्यांचा जादा तास बुधवारी शेवटच्या तासिकेनंतर होईल. प्रार्थना संपल्यावर अर्धा मिनिट शांत उभे राहण्याची जुनी पद्धत मध्यंतरी गर्दीत सुटली होती, ती सोमवारपासून पुन्हा सुरू करतो आहोत. कोणाची आठवण काढायची हे त्या अर्ध्या मिनिटात मुलांनी आपापले ठरवावे. मी सुचवले आहे ते एवढेच की ज्याच्याशी कालच भांडण झाले, त्याला यादीत घ्यायला हरकत नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. ग्रंथालयात प्रवेश करताच उजव्या हाताच्या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. आपल्याला पाठ असलेली सकाळची प्रार्थना, ती कोणत्याही धर्माची असो, आजीने शिकवलेली असो वा या शाळेने, आठवेल तशी तिच्यात लिहावी. शब्द चुकले तरी चालतील. कोणाकडून शिकलात हेही लिहावे. चहा खालच्या पडवीत आहे, आणि वही संध्याकाळी पाचपर्यंत तिथेच असेल.